निरोपाआधीचा प्रश्न

मामा, तुझी तेरवी झाली. मंडपवाला पाइप आणि ताडपत्र्या घेऊन गेला, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि मी कारंज्याला घरी येऊन तुझ्याशी बोलायला बसले आहे. सांगायचं इतकं साठलंय की आधी काय सांगावं तेच ठरत नाही. हस, हस. जिला पगारच मुळी 'आधी काय सांगावं' हे शिकवण्याचा मिळतो, तिच्यावर ही पाळी आली म्हणून तुला हसू येणारच.

कॉलेजात मी पोरांना संवादकौशल्य शिकवते, हे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू इंझोरीच्या ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होतास. बोलायलाही कोणी शिकवते का, असं तू विचारलंस. मी फळ्यावर लिहिते तेच तुला म्हणून दाखवलं होतं: मुद्दा आधी, कारण त्यानंतर, तपशील शेवटी, ऐकणाऱ्याकडं एकाच वाक्यापुरता वेळ आहे असं समजून बोला. तू मान डोलावलीस, सुपारीचं खांड तोंडात टाकलंस आणि विचारलंस, "अन् मुद्दा कोनाचा, मास्तरीन? सांगनाऱ्याचा का ऐकनाऱ्याचा?"

मी म्हटलं, मुद्दा मुद्दा असतो, त्याला कोणाचा असं नसतं. तू म्हणालास, "असन बापा." तुझं 'असन बापा' म्हणजे हार मानणं नव्हे, पुढची तारीख घेणं. त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि तू गेलास तरी ते मिटलेलं नाही.

खरं तर माझा धडा तू माझ्याआधी जगलास. एसटीत कंडक्टर होतास, आणि त्या काळात गावोगावचे निरोप तुझ्याच गाडीनं जायचे. शाळेच्या सुट्टीत तुझ्या गाडीत मी कितीदा बसले आहे. कोणी खिडकीशी येऊन म्हणायचं, शिरपूरला आमच्या जावयाला सांगजो, बैल पाहायला ये. कोणी म्हणायचं, मंगरूळला पोराला सांगा, फी पाठवली. तू कशावरही काही लिहून घेत नव्हतास. थांब्यावर गाडी टेकली की दारातल्या पायरीवर उभा राहायचास, एक हात दांडीला, एक हात घंटीच्या दोरीला, आणि समोर जो दिसेल त्याच्या अंगावर निरोप टाकायचास. "बंडू राऊतले सांगा, मोटर दुरुस्त झाली, उद्या घेऊन जा." टण टण. गाडी निघाली.

मी विचारलं होतं, नाव आधी का घेतोस? तू म्हणालास, नाव आधी घेतलं की मानूस मान वळवते. मान वळली नाही तं बाकीचं हवेत जाते. हे मी आजही वर्गात सांगते. तुझं नाव घेत नाही, एवढंच. 'एक अनुभवी व्यक्ती' म्हणते, म्हणजे पोरं वहीत उतरवून घेतात.

म्हणूनच मला कोडं पडायचं. मोटर, बैल, फी, लग्नाची तारीख, सगळं एका दमात सांगणारा माणूस मरणाची खबर द्यायला लागला की इतका गोल गोल का फिरतो?

आपल्या सगळ्या गोतात मयताची खबर देण्याचं काम तुझ्याकडं कधी आणि कसं आलं, हे कोणालाच आठवत नाही. तेरवीला मी दोघातिघांना विचारून पाहिलं. तुला सगळी गावं माहीत, कोणत्या गावाहून कोणती गाडी धरली म्हणजे मातीला वेळेवर पोचता येतं हे माहीत, म्हणून असेल. आधी तू स्वतः जायचास. मग फोन आले. ज्यांच्या घरी मयत झालं ते पहिला फोन तुला करायचे आणि निश्चिंत होऊन रडायला बसायचे.

आणि तुझा फोन कसा? आधी विचारायचं, "जेवले काय?" मग, "घरी कोन कोन हाय?" मग शेतातलं, सोयाबीन काढलं का, तुरीला फुलं धरली का. मग हळूच, "बरं, ते अमक्याची तब्येत जास्त हाय. निघा तुमी." गेलेला माणूस तुझ्या तोंडून कधीच गेलेला नसायचा. त्याची तब्येत जास्त असायची, बस.

हे तुझं एकट्याचं नव्हतं, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडं मयताची खबर अशीच देतात. 'जास्त हाय' म्हटलं की ऐकणारा समजतो, बायका आतल्या आत डोळ्याला पदर लावतात आणि घरातलं कोणीतरी मयतावर घालायचं कोरं कापड आणायला दुकानात जातं. सगळ्यांना कळतं आणि कोणी बोललेलं नसतं. मी तुला म्हणायचे, ज्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना वेगळाच कळतो ते वाक्य कशाला वापरायचं? सरळ सांग की. तू म्हणायचास, असन बापा.

माझ्या बाबांच्या वेळी तर मी जिंकलेच होते. बाबांना उलट्या लागल्या, कारंज्याला दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. तू शिरपूरला मावशीला फोन केलास की भाऊजींची तब्येत जास्त आहे, जमलं तर येऊन जा. तू अक्षर न् अक्षर खरं बोलत होतास. त्या दिवशी बाबांची तब्येत जास्तच होती. पण तुझ्या तोंडून आयुष्यभर मेलेल्या माणसांबद्दलच ते शब्द ऐकलेल्या मावशीनं काय समजावं?

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना धनजला घरी आणलं, ओट्यावर बाज टाकून बसवलं, हातात चहा दिला. तेवढ्यात जीप आली. वेशीपासूनच मावशीनं गळा काढला होता. शेजारपाजारचे लोक बाहेर आले, कोण गेलं म्हणून एकमेकांना विचारायला लागले. बाबाही बाजेवरून मान उंच करून विचारत होते, कोन गेलं बापा? मावशी रडत रडत अंगणात आली, समोर बाबा चहा पीत बसलेले, आणि तिचं रडणं अर्ध्यातच अडकलं. हातातली पिशवी तिनं पाठीमागं नेली. पिशवीत कोरं कापड होतं, हे सगळ्यांना समजलं होतं.

बाबाच पहिल्यांदा हसले. "आनलंच हाय तं ठेवून जाय, वाया काहून घालवतं?" म्हणाले. त्या कापडाची त्यांनी बंडी शिवून घेतली आणि ती फाटेपर्यंत वापरली. तू त्या दिवशी कोपऱ्यात उभा राहून दुपट्ट्यानं तोंड पुसत होतास. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, पाहिलंस, आता खरंच कोणी आजारी पडलं तर ते सांगायला तुझ्याकडं शब्दच उरला नाही. यावेळी तू 'असन बापा' म्हणाला नाहीस. विचारात पडलास.

मग तू 'जास्त हाय' कमी केलंस, पण तुझे ते आधीचे प्रश्न राहिलेच. त्यांचीही लोकांना धास्ती बसली. दिवाळीत तू मावशीला फोन करून सवयीनं "जेवली काय?" विचारलंस आणि तिनं फोन खाली टाकून हंबरडा फोडला. तुला तिच्याकडून लोणच्याची बरणी मागवायची होती, एवढंच. त्यानंतर तू प्रश्न बदललास, टाकीत पाणी भरलं का विचारायला लागलास. थोड्याच दिवसांत गोतातली माणसं टाकीच्या पाण्यालाही दचकायला लागली. मी हे वर्गात सांगते तेव्हा पोरं बाक बडवून हसतात.

पुढचं मात्र सांगत नाही.

मावशी गेली तेव्हा तिचा गजू पुण्यात होता. इतक्या वर्षांत तो तिथलाच झालेला. तू त्याला फोन केलास, जेवला का विचारलंस, पोरांची शाळा विचारलीस आणि शेवटी म्हणालास, आईची तब्येत जास्त हाय, निघून ये. गजूनं त्या शब्दांचा शब्दकोशात असतो तोच अर्थ घेतला. साहेबाकडं रजा मागितली, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं, आईला आवडते म्हणून बाकरवडी घेतली. तो शिरपूरला उतरला तेव्हा माती होऊन गेली होती. सगळे त्याची वाट पाहून थकले होते. त्याला सगळं माहीत आहे आणि तरी तो आला नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं.

अंगणात, सगळ्यांसमोर, हातात ती बाकरवडीची पिशवी धरून गजू तुला म्हणाला, "मामा, तुमी मले सरळ काहून नाई सांगतलं?"

  आपल्या भांडणात माझी बाजू इतकी खरी ठरेल आणि ती खरी ठरल्याचा मला इतका राग येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. कितीतरी दिवस तू कोणाला फोन केला नाहीस.

मला मात्र चैन पडत नव्हतं. चुकलास हे तर झालंच, पण तू असा का, हे मला हवं होतं. तू मूर्ख नव्हतास. भित्राही नव्हतास, अपघातातली माणसं तू हातांनी उचलून गाडीत घातलेली आहेत. म्हणून त्या उन्हाळ्यात मी इंझोरीला आले, मामीनं पन्हं दिलं, ती आत गेल्यावर मी विचारलं. चिडवायला नाही, खरंच विचारलं, की मामा, बाकी सगळं एका वाक्यात आणि हेच का नाही?

तू अडकित्ता दोनदा उघडमीट केलास. मग सांगितलंस. नोकरीला नवा होतास तेव्हाची गोष्ट. एका गावाहून निरोप आला होता, अमकीचा बाप वारला, पुढच्या थांब्यावर तिला सांगा. ती थांब्यावरच उभी होती, कुठंतरी निघालेली, एकटी, बगलेत गाठोडं. तू पायरीवर उभा राहून तिचं नाव घेतलंस आणि सांगितलंस.

"मी एकाच वाक्यात सांगतलं, मास्तरीन. तुह्या फळ्यावर असते ना, तसंच. नाव आधी, मंग खबर. तिले समजलंबी बरोबर. अन् मी बेल मारली. मांगच्या काचेतून पाह्यलं तं थे रस्त्यावर खाली बसली होती. जवळ कोनीच नोतं. गाडी तं निघाली होती."

ती कोण, कुठल्या गावची, पुढे तिचं काय झालं, मी विचारलं. तू सांगितलं नाहीस. माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते आता कळायचा मार्ग नाही. तुझ्या तेरवीला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडं मी पाहत होते, ही असेल का, ही असेल का. वेडेपणाच आहे. पण तुला माहीत आहे, मला एकदा प्रश्न पडला की तो जात नाही.

तेव्हा तू शेवटी म्हणालास, "गेलेला मानूस आता कुठी जात नाई. जो ऐकून राह्यला त्याले पाहा लागते आधी." मी म्हटलं, हे पटलं, पण मग गजूचं काय? त्याला आधी पाहत बसलास आणि त्याची आई त्याला दिसली नाही. तू अडकित्ता मिटलास. "तेच तं समजून नाई राह्यलं," म्हणालास. आपल्या भांडणात तू एवढंच एकदा माघार घेतलीस आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

आता तुला एक सांगते, जे तू मला सांगितलं नाहीस. तुझ्या मातीला गजू वेळेवर पोचला, खांदा दिला त्यानं. तेरवीच्या पंगती उठल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात हात धूत होतो. मी म्हटलं, मामावरचा राग गेला का रे? तो माझ्याकडं पाहतच राहिला. म्हणाला, राग कधीचाच गेला. म्हणे, त्यानंतर घरात जे जे गेले त्या सगळ्यांची खबर मामानंच मला दिली आणि दरवेळी सरळ दिली. नाव घ्यायचा, गेला म्हणायचा, माती किती वाजता ते सांगायचा.

"पन सांगून झाल्यावर फोन ठेवेच नाई," गजू म्हणाला. "मी रडून मोकळा होवोस्तर तिकडून नुसता हं, हं करे. एक खेप मी बोललोच नाई कितीतरी वेळ, तरी थो तिकडं होता."

म्हणजे तू उत्तर शोधलं होतंस, मामा. आणि मला कळू दिलं नाहीस. का? मी जिंकले असं म्हणेन म्हणून? की तू जिंकलास असं मला म्हणावं लागेल म्हणून? मला दोन्ही बाजूंनी हसू येतं आणि मग ते हसू राहत नाही. तुझ्यासारखा भांडायला माणूस मला आता मिळणार नाही. कॉलेजात सगळे माझं म्हणणं मान्यच करतात.

आता तो दिवस.

मी वर्गावर निघाले होते. तुझ्या वंदीचा फोन आला आणि तिनं सरळ सांगितलं, "बाबा गेले. सकाळी चहा पेता पेता." मी शिकवते तसंच, मुद्दा आधी. मी 'हो' म्हटलं. तिनं पुढं काय काय सांगितलं, मला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. लेक तुझी, समजून गेली. म्हणाली, माती चारला आहे, आणि आत्याला फोनवर नको सांगू, तू जाऊन घेऊन ये.

कारंज्याहून धनज काही लांब नाही. गाडीवर मी वाक्य जुळवत होते. आईला वयामुळं ऐकायला कमी येतं, रक्तदाब आहे, तुझ्याहून मोठी बहीण, तुला बापू बापू म्हणत कडेवर खेळवलेली. नाव आधी घ्यायचं, मग खबर. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं एक वाक्य. बाबा तर आता नाहीत, दादा-वहिनी कापूस वेचायला शेतात गेलेले असणार, आई घरी एकटी असणार, हे मला अर्ध्या रस्त्यात आठवलं आणि पहिल्यांदा मला भीती वाटली.

मी दारात पोचले तेव्हा ती नुकतीच जेवायला बसली होती. ताटात ज्वारीची भाकर आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी. एक घास मोडलेला. मी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे, "जेवतेस काय?"

तिनं वर पाहिलं. कामाच्या दिवशी, भरदुपारी, खांद्याला कॉलेजची पर्स घेतलेल्या मला तिनं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तिनं कोनाड्यात ठेवलेल्या तिच्या फोनकडं पाहिलं.

"बापूचा फोन नाई आला," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आपल्या घरातली खबर त्याच्याबिगर कोनं देली नाई आजलोक. आज तू आली." मी खाली बसायला लागले, तर तिनं हात वर केला. "थांब. सांगू नोको अजून. मले जेवू दे."

आणि ती जेवली, मामा. डोळ्यातून धार लागलेली, आणि ती एकेक घास मोडून, भाजीला लावून, चावून खात होती. माती होईपर्यंत आता तोंडात पाणीसुद्धा घेणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तू आयुष्यभर ज्याला त्याला जेवले काय, जेवले काय, विचारत राहिलास, आणि आम्ही ते लांबण लावणं समजलो. मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं. अर्ध्या भाकरीवर ती थांबली, मला वाटलं आता ठेवेल, पण तिनं उरलेली अर्धीही उचलली. ताटात काही टाकलं नाही.

मग तिनं हात धुतला, पदरानं पुसला आणि माझ्याजवळ सरकून बसली. माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"हं. सांग आता."

मी सांगितलं. तुझं नाव आधी घेतलं, मग खबर. एकच वाक्य. आणि सांगून झाल्यावर मी तिथंच बसून राहिले. मला कुठली बेल मारायची नव्हती.